पांढरी गोळी हे औषध नव्हे

पाय घसरला म्हणता, तर दुकानात घसरायला आहे काय ते एकदा मला सांगा. फरशी खरखरीत, तीही तुम्हीच मुद्दाम निवडलेली, गिऱ्हाईक पडलं तर बोभाटा नको म्हणून. काउंटरमागे औषधांच्या खोक्यांची अशी दाटी, की पडायचं मनात आलं तरी माणसाला आधी खोकी हलवावी लागतील. तिथे तुम्ही खोक्यांसकट पडलात आणि मामीला म्हणालात, पाय घसरला. मला फोनवर म्हणालात, पडलोच नाही, वाकलो होतो. आणि फोन ठेवता ठेवता म्हणालात, पडलो असेन तर तुला काय त्याचं, तू दुकान सोडून पळालास. एका पडण्याच्या तीन जबान्या झाल्या, मामा. कोर्टात एवढ्यावर माणूस आत जातो.

असो. पत्राची सुरुवात अशी करायची नसते हे मला कळतं. शाळेने मला सातवीत सोडलं असलं तरी पत्रलेखन सहावीतच उरकलं होतं. तेव्हा तीर्थरूप मामांना भाच्याचा नमस्कार, आणि तो वाकून केला आहे असं समजावं. (माझ्या खोलीत खाट आणि भिंत यांच्यामध्ये वाकायला जागा नाही, एकदम आडवंच व्हावं लागतं. आडवं होऊन केलेला तो साष्टांग, म्हणजे तुमचा फायदाच झाला.) मी बरा आहे. तुम्ही कसे आहात हे तुम्हाला विचारत नाही, कारण तुम्ही ‘बरा आहे’ म्हणणार. मामीला विचारलं. ती म्हणाली, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाले, मग डब्यातल्या दोन गोळ्या घेतल्या आणि खोकी उचलायच्या आधी गिऱ्हाईक केलं. गिऱ्हाइकाने काय घेतलं हेही तिने सांगितलं. कापूस.

हे काळजीचं पत्र नाही, गैरसमज नसावा. तुमच्या त्या डब्याची तक्रार करायला लिहितो आहे. म्हणजे मी निघताना तुम्ही माझ्या पिशवीत घातलेला तसलाच गोळ्यांचा डबा. त्यापायी माझी नोकरी जाता जाता राहिली, आणि एका माणसाचं त्याहून बरंच काही जाता जाता राहिलं. आधी नोकरीबद्दल सांगतो, कारण मामी म्हणाली तुम्ही चारचौघांत सांगता, भाचा मोठ्या दवाखान्यात लागला आहे, दहा दहा मिनिटं माणसं झोपवतो आणि पगार घेतो. यातलं एक अक्षर खोटं नाही, तरी ऐकायला वाईट वाटतं.

इथे कॅन्सरवर एक नवीन औषध आलं आहे. अजून दुकानात यायचं आहे, तुमच्याही. गाठीवर ते बरं लागू पडतंय म्हणतात. पण औषध पोटात गेलं की पत्ता विचारत जात नाही, रक्ताबरोबर सगळीकडे हिंडतं, तसं काळजातही जातं. तर तिथे जाऊन ते ठोक्यात काही उद्योग करतं का, हे आधी बघून घ्यायचं असतं. त्यासाठी गोळी द्यायची आणि ठरल्या वेळेला ईसीजी काढायचा. कागदावर प्रत्येक ठोक्याला एक उभा डोंगर उमटतो आणि त्याच्या मागे एक बुटकी टेकडी. डोंगर म्हणजे ठोका पडला. टेकडी संपली म्हणजे काळीज दम खाऊन पुढच्या ठोक्याला तयार झालं. डोंगर सुरू झाल्यापासून टेकडी संपेपर्यंत किती वेळ गेला हे आमचे रेघवाले डॉक्टर मोजतात. (हृदयाचे मोठे डॉक्टर आहेत, पण दिवसभर रेघाच बघतात म्हणून मी त्यांना असं म्हणतो, तोंडावर नाही.) हा वेळ औषधाने लांबला, तर काळीज दमच खात असतं आणि वर पुढचा ठोका येऊन आदळतो. मग ते ताल सोडून नुसतं फडफडतं, आणि चांगला चालता-बोलता माणूस उभ्या उभ्या खाली येतो. काही उठतात, काही उठत नाहीत. पुन्हा सांगतो, उभ्या उभ्या खाली येतो. फरशी कसलीही असो.

आता यात मी कुठे आलो? ईसीजीच्या आधी माणूस दहा मिनिटं शांत पडलेला असावा लागतो. बोलायचं नाही, फोन नाही, टीव्ही नाही, नातेवाईक तर नाहीच नाही, कारण जीव उचंबळला की ठोके धावतात आणि रेघ भलतंच सांगते. झोपूही द्यायचं नाही, झोपेत रेघ आणखी निराळं बोलते. तेव्हा जागा, गप्प आणि निवांत, असा माणूस तयार करायचा. असा माणूस मी घरी-दारी कुठे पाहिलेला नव्हता. मामी आणि तुम्ही एका खोलीत असलात तर यातलं एकही साधत नाही. आणि हे काम कोणाला, तर मला, ज्याला तुम्ही लहानपणापासून भिंगरी म्हणता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच असावं.

सुरुवातीला मला स्टूल दिलं होतं. पेशंटच्या उशाशी बसायचं आणि त्याचा डोळा लागतोय असं दिसलं की हलकेच पायाच्या अंगठ्याला हात लावायचा. मी बसायचो. थोड्या दिवसांनी रेघवाल्या डॉक्टरांना सगळ्या कागदांवर बारीक थरथर दिसायला लागली. डोंगर थरथरतोय, टेकडी थरथरतेय, मधली सपाटीसुद्धा थरथरतेय. आधी मशीन दुरुस्त करणारा आला, त्याने वायर बदलली. मग वीजवाला आला, त्याने भिंत उकरली आणि तशीच ठेवून गेला. मग दबक्या आवाजात औषधाचं नाव घेतलं जायला लागलं. पण ज्या पेशंटला औषध अजून सुरूच झालं नव्हतं त्याचीही रेघ थरथरत होती, म्हणून सगळे बुचकळ्यात. शेवटी मोठ्या सिस्टर (वॉर्ड त्यांच्या ताब्यात आहे, आम्हीही) दाराच्या काचेतून बघत उभ्या राहिल्या. माझा एक पाय पलंगाच्या दांडीवर होता आणि तो हलत होता. मला त्याची कल्पना नव्हती, पायाला असावी. सिस्टर आत आल्या आणि स्टूल घेऊन गेल्या. तेव्हापासून मी उभा असतो. आठवड्याभराचे सगळे ईसीजी पुन्हा काढावे लागले आणि रेघवाले डॉक्टर मला ‘भूकंप’ म्हणतात, तोंडावर.

आता डब्याकडे येतो. तीन नंबरच्या पलंगाला एक ड्रायव्हरकाका आहेत. सगळी हयात ट्रक चालवला, आता मानेला गाठ. आले तेव्हा गाठ एवढी होती की सदऱ्याचं गळ्याचं बटण लागत नव्हतं. आधीच्या औषधांनी काही झालं नाही, या नव्याने गाठ बसायला लागली. एके दिवशी सकाळी बघतो तर काका आरशासमोर उभे आणि बटण लावलेलं. गळा चांगलाच आवळला होता, चेहरा तांबडा झाला होता, पण काढायला तयार नाहीत. काकू (म्हणजे त्यांची बायको, रोज डबा घेऊन येतात आणि तोच डबा भरलेला परत नेतात) बटणाकडे बघत राहिल्या आणि मग सदऱ्याला इस्त्री नाही म्हणून त्यांच्यावर चिडल्या.

पण औषधाने काकांना मळमळायचं. अन्न समोर आलं की तोंड फिरवायचे. सिस्टरना सांगायचं नाही म्हणाले. त्यांनी हिशोब असा केला होता, की मळमळ सांगितली तर औषध सोसत नाही म्हणतील आणि बंद करतील, आणि मग बटण पुन्हा उघडं. मला मात्र सांगितलं. मी उभाच असतो, मला सगळे सांगतात. आणि माझ्या खिशात तुमचा डबा.

त्या डब्यावर तुम्ही स्वतःच्या हाताने चिकटवलेली चिठ्ठी तुम्हाला आठवत असेलच. ‘पांढरी: उलटी, मळमळ, जड पोट, प्रवास, घाबरल्यास. गुलाबी: घसा, खोकला, ताप येईलसा वाटल्यास.’ आणि खाली रेघ मारून, ‘ही औषधे नव्हेत, नुसत्या गोळ्या आहेत, निर्धास्त घ्याव्यात.’ मी तुमचाच भाचा. काकांना मळमळत होतं म्हणून पांढरी दिली. थोडं खोकलेही, म्हणून गुलाबी. आपल्या घरच्या पद्धतीने, सकाळी एक, संध्याकाळी एक. काका जेवायला लागले. मला फार बरं वाटलं. त्या दिवशी मी तुमच्याबद्दल चांगलं बोललो, ड्रायव्हरकाका साक्षीदार आहेत.

पुढच्या ईसीजीला टेकडी लांबली. रेघवाल्या डॉक्टरांनी तीनदा काढायला लावला, तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले, पट्टी लावली, आणि मग पट्टी बदलून पाहिली. रक्तातले क्षार तपासले, ते जेमतेम ठीक निघाले. काकांना विचारलं, आमच्या औषधाशिवाय दुसरं काही औषध घेता का. काका म्हणाले, नाही. खोटं बोलले नाहीत हो, चिठ्ठी त्यांनीही वाचली होती. मी कोपऱ्यात उभा होतो. मला कोणी विचारलं नाही, आणि मलाही ते औषध वाटत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, औषध थांबवतो. रेघ मागे आली तर बघू, नाही आली तर या औषधातून तुम्ही बाहेर, कायमचे. काका नुसते बटणाशी चाळा करत बसले.

आता ऐका आपली अब्रू कशी गेली. संध्याकाळी मोठ्या सिस्टरनी काकूंना सहज विचारलं, जेवतात का हो हल्ली. काकू म्हणाल्या, जेवतात तर. तुमचा हा उभा असतो ना, फार गुणी पोरगं, त्याच्या गोळीने पोटात अन्न ठरायला लागलं, देव त्याचं भलं करो. एवढं कौतुक माझं जन्मात कोणी केलं नव्हतं. सिस्टर माझ्याकडे आल्या आणि तळहात पुढे केला. मी डबा ठेवला. त्यांनी चिठ्ठी वाचली. मग रेघवाल्या डॉक्टरांना बोलावून पुन्हा वाचली, मोठ्याने, ‘घाबरल्यास’ला थोडं थांबून.

गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं बघून डॉक्टरांचा चेहरा उतरला. ही पांढरी आणि ही गुलाबी, दोन्ही टेकडी लांबवणाऱ्या निघाल्या. एरवी एकेकटी बहुतेकांना खपून जाते म्हणाले, पण दोघी एकत्र, आणि त्यात आमचं नवं औषध, म्हणजे घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. (हे मी म्हणतोय. ते इंग्रजीत म्हणाले, पण सूर तोच होता.) मग मला विचारलं, तुमचे मामा डॉक्टर आहेत का. मी म्हणालो, नाहीत, पण त्यांचं दुकान डॉक्टरांच्या अगदी समोर आहे. यावर त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

मग सिस्टर बोलल्या. ते मी लिहीत नाही, मामी हे पत्र वाचणार आहे. थोडक्यात, माझ्या हातून काका उभ्या उभ्या खाली आले असते. हे मला सिस्टरनी सांगितलं तेव्हा नीट कळलं नाही, आवाज मोठा होता. नंतर काकांच्या पलंगाशी उभा राहिलो तेव्हा कळलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि मला म्हणाले, मूग गिळून का उभा आहेस रे, तू तर चांगल्यासाठीच दिलंस. त्यापेक्षा त्यांनी दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गोळ्या बंद झाल्या. त्या शरीरातून निघून जाईपर्यंत थांबलो आणि मग पुन्हा ईसीजी. ती दहा मिनिटं मी कधी विसरणार नाही. काका जागे, गप्प, पण निवांत काही होईनात, कपाळाला घाम. मला बोलायची बंदी, म्हणून मी नुसता त्यांच्याकडे बघून मान हलवली. ते माझ्याकडे बघून मान हलवायला लागले. आम्ही दोघे बैलासारखे माना हलवतोय आणि मोठ्या सिस्टर काचेतून बघतायत. त्या आत आल्या, आम्हाला वाटलं संपलं. त्यांनी ते काढून नेलेलं स्टूल आणलं होतं. त्या स्वतः त्यावर बसल्या आणि मला बाहेर काढलं. थोड्या वेळाने कागद बाहेर आला. डॉक्टरांनी पट्टी लावली, मग भिंग लावलं, मग म्हणाले, आली जागेवर. औषध दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू. मळमळीला आता ते त्यांच्या यादीतली वेगळी गोळी देतात, तिने टेकडीला काही होत नाही. काकूंचा डबा रिकामा परत जातो.

मला काढलं नाही. मोठेपणाने नव्हे. दहा मिनिटं हाताची घडी घालून उभं राहण्याच्या या कामावरून माझ्या आधी तिघे पळाले आहेत, दुसरा मिळेना. मोठ्या सिस्टर रोज सकाळी आधी माझे खिसे तपासतात, मग पेशंटना विचारतात. ‘दुसरं औषध घेता का’ असं आता कोणी विचारत नाही. ‘घरून काय काय आणलंय ते बाहेर काढा’ असं विचारतात. लोक नाही नाही म्हणत उशीखालून काय काय काढतात, तुम्हाला बघून भरून येईल, निम्मं तुमच्या दुकानात मिळतं.

तर तक्रार एवढीच. डबा सिस्टरनी जप्त केला आहे, तो परत मिळणार नाही, भरूनही पाठवू नये. मला काहीही झालेलं नाही, खोकलाही नाही. मामीला नमस्कार, आणि खोकी तिला एकटीला उचलायला लावू नका. बाकी सर्व ठीक.

तुमचा भाचा,
भिंगरी

ता. क. बाकी सर्व ठीक असं लिहिलं ते खरं नाही. चिठ्ठी वाचून झाल्यावर रेघवाल्या डॉक्टरांनी मला आणखी एक विचारलं होतं, ते वर गाळलं. विचारलं, मामा स्वतः या घेतात का. मी म्हणालो, दोन्ही, रोज, कित्येक वर्षं, पोट हलकं आणि घसा साफ राहतो म्हणून. (सांगताना मला अभिमान वाटत होता, हेही लिहून टाकतो.) मग त्यांनी विचारलं, कधी चक्कर, कधी पडले वगैरे? त्याच्या आदल्याच दिवशी मामीचा फोन आला होता. मी सांगितलं, घसरले म्हणतात. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते पेन कधी खाली ठेवत नाहीत, जेवताना कानावर असतं. म्हणाले, त्यांना आजच्या आज सांगा दोन्ही बंद करायला, आणि ईसीजी काढायला. म्हणून त्या दिवशी मी फोन केला होता, मामा. तुम्ही मला पळपुटा म्हणून फोन ठेवलात.

आणखी एक. डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने एक चिठ्ठी दिली आहे, या पत्राला टाचली आहे. ती तुमच्या समोरच्या डॉक्टरांच्या नावाने आहे, कारण आपल्याकडे ईसीजीचं मशीन फक्त त्यांच्याकडे आहे. त्यांच्याशी तुम्ही बोलत नाही हे मला माहीत आहे. तुम्ही त्यांच्या चिठ्ठ्या वाचून गिऱ्हाइकासमोर ‘हे कशाला दिलं’ म्हणता, म्हणून ते पेशंट कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवतात, हेही माहीत आहे. बोलायचं नाहीच आहे. चिठ्ठी टेबलावर ठेवायची, सदरा काढायचा आणि आडवं व्हायचं. दहा मिनिटं गप्प पडायचा तर नियमच आहे, आणि त्यांच्याशी गप्प राहायची तुम्हाला सवय आहे. गोळ्यांचं मात्र त्यांनी विचारलं तर खरं सांगा. औषध नव्हे म्हणू नका.

शेवटचं. मामी म्हणाली, तुम्ही जाल, पण दुकान बंद कसं ठेवू म्हणता. त्याच फोनवर तुम्ही म्हणाला होतात, एक दिवस शटर खाली म्हणजे पाच हजारांचं पाणी, ते काय तुझा दवाखाना भरून देणार. दवाखाना देत नाही, मी देतो. एवढे माझ्याकडे नव्हते, म्हणून दिवसाला खरंच किती सुटतात ते मामीला विचारलं. तिने आधी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि मग सांगितलं. तेवढे आजच पाठवले आहेत, पुरे एका दिवसाचे: सहाशे चाळीस.